चातुर्मासात सोडलेलं गाणं

"अल्बमवार गाळायचं की सगळी गाणी एकाच टोपलीत ओतायची, ते ठरवा काकू एकदाचं," पडद्यावरचा ईशान वैतागून म्हणाला. "कंपनीनं दसऱ्यापर्यंतच मुदत दिलीय."

"अल्बमवार नको," मिरजेहून रेहाना मुजावर म्हणाल्या. "'ओंजळ'मधली चांगली चांगली गाणी एकमेकांशीच भांडून मरतील, आणि 'सांजदिवे'मधलं ते सतारीचं रडगाणं फुकटात वर चढेल."

"सतार रडत नाही, ऐकणाऱ्याला रडवते!" स्वयंपाकघरातून रेवती ओरडली. तिच्या हातात मेथीची जुडी होती आणि पडद्यावर ती दिसत नव्हती, तरी बोलण्यात मागे राहील तर ती रेवती कसली.

शुभदा पाटणकर हसली. "ऐकलंत ना? आमच्या वन्संचं मत पडलं. एकच टोपली करू या."

कराडच्या त्या घरात आता दोघीच राहत. शुभदा, आणि तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण रेवती. रेवतीनं लग्न केलं नव्हतं. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर भावाकडे आली. वर्षभरात भाऊच गेला. 'वन्सं' हा शब्द आता कुणी वापरत नाही, पण सासूबाईंनी लावलेलं वळण शुभदाच्या जिभेवरून पुसलं नव्हतं.

दोघींना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे कालिंदी राजवाडे यांचं गाणं. बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या चाहत्यांचा 'कालिंदीकाठ' हा गट काही ओसरला नव्हता. दर मार्गशीर्षात गटावर 'गाळणी' चाले. रोज मतं पडायची, सर्वांत कमी मतांचं गाणं बाद व्हायचं, आणि शेवटी एक उरायचं. मग त्या एकावरून पुढच्या मार्गशीर्षापर्यंत भांडायचं. निरुपद्रवी खेळ होता तो. सगळी व्यवस्था शुभदा बघायची आणि यंत्राची बाजू पुण्याचा ईशान.

यंदा मात्र खेळ खेळ राहिला नव्हता.

गाणी जिथं साठवतात ती यंत्रघरं थंड ठेवायला धरणाचं पाणी लागतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी माणसांच्याच नळाला पाणी येईना, तेव्हा प्रश्न निघाला, की क्वचित ऐकली जाणारी लाखो गाणी अशी गारव्यात कशाला बसवून ठेवायची? त्यावर 'नादकोठार' कंपनीनं तोडगा काढला, बीजाचा. मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकायचं. त्याऐवजी शब्द, चाल, ठेका, कोणतं वाद्य कुठे वाजलं, आणि गायिकेच्या गळ्याचा एक गणिती साचा, एवढंच जपायचं. कुणी मागितलं की यंत्र त्या बीजातून गाणं नव्यानं उगवून देतं. जागा लागते हजारावा हिस्सा. आवाज तोच, चाल तीच, शंभरातल्या नव्याण्णवांना फरक कळत नाही. पण बीज म्हणजे शेवटी गाणं कसं असायला हवं होतं त्याचा नकाशा. ते गाताना काय घडलं, ते त्यात नसतं. बाईंच्या बांगडीची किणकिण, तबलजीचा दबलेला खोकला, एखाद्याची चूक, हे यंत्राला कचरा वाटतं. ते निवडून टाकतं.

प्रत्येक गायकाची बारा गाणी मात्र मूळ रूपात राहणार होती. कोणती, ते चाहत्यांनी सांगायचं. आणि तेही बोटानं नाही. बोटाच्या मतांत पूर्वी फार लबाड्या झाल्या होत्या, एकेकानं दहा दहा नावांनी मतं टाकली होती. म्हणून कंपनीनं सगळ्यांना कानात घालायचा एक मणी दिला. मनाला भिडणारा सूर ऐकला की मेंदूत उठलेली लाट कातडीपर्यंत येते. रोम उभे राहतात, घामाचा बारीक ओलावा सुटतो, नाडी क्षणभर अडखळते. मणी हे टिपतो. ज्या गाण्याला गटात सर्वांत कमी शहारे, ते त्या दिवशी बाद.

"तोंड खोटं बोलेल," ईशान म्हणाला होता, "कातडी नाही बोलणार."

ते वाक्य शुभदाच्या मनात पुढे फार दिवस ठुसठुसत राहिलं.

'ओंजळ'मध्ये 'शिंपण' नावाचं एक गाणं आहे. पहाटे अंगणात पाणी शिंपणाऱ्या बाईचं, भूप रागातलं. त्यात जलतरंग वाजवणारे कलावंत ऐन मुद्रणाच्या दिवशी तापानं आडवे झाले, आणि कुणीतरी सुचवलं म्हणून हेमंतला बोलावणं आलं. शुभदाचा नवरा. बँकेत अधिकारी, आणि हौसेनं जलतरंग वाजवणारा. चिनी मातीचे प्याले पाणी घालून सुरात लावण्यात तासन् तास रमायचा. गेला बिचारा घाबरत घाबरत कोल्हापूरला. भूप रागात निषाद नसतो. पण आधीच्या गाण्यातला निषादाचा एक प्याला ओळीतून काढायचा राहून गेला होता. दुसऱ्या अंतऱ्यात हेमंतची काडी नेमकी त्याच्यावर पडली. टिण्! सगळा स्टुडिओ थिजला. आणि कालिंदीबाई? त्या श्वासातल्या श्वासात हसल्या, तो परका सूर त्यांनी अलगद उचलून गळ्यात घेतला, क्षणभर कुरवाळला, आणि भूपात परत आणून सोडला. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "पुन्हा घ्यायचं नाही. पाहुणा आला होता, जेवून गेला."

हेमंतनं आयुष्यात केलेलं मुद्रण ते एवढंच. घरी त्याची सीडी होती, पण तिच्यावर पांढरे डाग पडले होते आणि ती वाजवणारं यंत्र गावात उरलं नव्हतं. आता ते गाणं होतं ते नादकोठारातच.

आणि ते गाणं रोज खाली खाली चाललं होतं.

दर मार्गशीर्षात 'शिंपण' हमखास पहिल्या पाचांत असे. यंदा मात्र ते रोज काठावर. आज बुडतं की उद्या, असं करत कसंबसं टिकलेलं. घटस्थापना झाली, माळा चढू लागल्या, आणि आठव्या माळेला टोपलीत तेरा गाणी उरली तेव्हा 'शिंपण' तळाशी येऊन टेकलं होतं. शहारे जवळजवळ नाहीतच.

शुभदा देवघरासमोर बसून फुलं ओवत होती. मनात एकच विचार. म्हणजे इतकी वर्षं हे सगळे माझं मन राखत होते? हेमंतची बायको गाळणी चालवते, तिला वाईट वाटू नये, म्हणून बोटं वर करायचे? बोटांनी दया केली आणि कातडीनं खरं सांगितलं. देवा, गाणं जाईल ते जाईल. पण दयेवर जगत होतं, हे कशाला दाखवलंस?

तिचा स्वतःचा शहारा त्यात नव्हता, हे तिला ठाऊक होतं. कारण तिनं ते गाणं सोडलं होतं.

ही रीत कालिंदीबाईंचीच. चातुर्मास लागला की लोक वांगं सोडतात, कांदा सोडतात. बाई म्हणायच्या, "वांग्याचं मेलं काय एवढं? आवडीचं सोडावं." दर आषाढी एकादशीला त्या आपलं एक गाणं सोडायच्या, चार महिने गुणगुणायच्यासुद्धा नाहीत, आणि कार्तिकीला ते पहिलं म्हणायच्या. काठावरच्या, म्हणजे गटातल्या, सगळ्यांनी ते उचललं होतं. प्रत्येकानं एकेक गाणं सोडायचं. कोणतं, ते मात्र बोलायचं नाही. नेम बोलून दाखवला की त्याचं पुण्य तोंडावाटे निघून जातं, अशी बाईंची श्रद्धा होती. शुभदाचीही होती. यंदा आषाढीला तिनं पहिल्यांदाच 'शिंपण' देवाच्या पायाशी ठेवलं, कारण त्याहून जिवलग तिच्यापाशी काही नव्हतं. कंपनीचं पत्रक आलं ते त्यानंतर, भाद्रपदात. एका माणसाच्या एका गाण्यानं काय बिघडतंय, बाकीचे आहेत की, असं म्हणून तिनं मन आवरलं होतं.

बाकीचे कुठं होते पण?

फुलांची परडी बाजूला सारून तिनं मणी कानात घातला. पडद्यावर 'शिंपण'वर बोट नेलं. एकदाच ऐकलं तर? आपल्या अंगावर काटा येणारच. देव काय एवढा कडक हिशेबी आहे?

बोट तिथंच थांबलं. देव हिशेबी नव्हता, म्हणूनच तर त्याला फसवणं जड जात होतं.

"वहिनी, माळ झाली का गं?" रेवती दारात उभी होती. तिनं पडदा पाहिला, शुभदाचा चेहरा पाहिला. "बुडणार का ते?"

"तुम्हाला काय त्याचं, वन्सं?" शुभदाच्या तोंडून निघून गेलं. तिचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही, नुसता कापला. "एवढ्या दिवसांत तुमच्या अंगावर त्यानं एकदाही काटा आला नाही? सख्खा भाऊ वाजवतोय त्यात."

एरवी रेवतीनं तडकाफडकी उत्तर दिलं असतं. "दादाला प्याल्यात पाणी भरता येत होतं, वाजवता नाही," हे तिचं ठेवणीतलं वाक्य होतं आणि हेमंत असताना ती ते रोज एकदा ऐकवायची. पण आज ती काही बोलली नाही. ओठ घट्ट मिटून परडीतलं एक फूल उचललं आणि उगाच त्याचा देठ खुडत राहिली.

शुभदा बघत राहिली. हे गप्प बसणं तिच्या ओळखीचं होतं. रेवतीचा उपास असला की ती कधी उपास आहे म्हणत नसे. नुसती "भूक नाही" म्हणून ओठ मिटायची, अगदी अस्से.

"वन्सं," शुभदा हळूच म्हणाली, "भूक नाही का तुम्हाला?"

रेवतीनं चमकून वर पाहिलं. डोळे भरले होते. "आषाढीपासून नाही," ती म्हणाली. "आणि तुला गं?"

"मलाही नाही."

मग रेवतीला हसू फुटलं. "म्हणजे घरात दोन माणसं, आणि दोघींनी एकच भाजी सोडली! आणि मी इथं तुझ्यावर चिडून. म्हटलं, हिलाच नवऱ्याचं काही उरलं नाही, मी कशाला नेम मोडू?"

"आणि मी तुमच्यावर."

रेवती हसायची थांबली. गणिताच्या बाईंचा चेहरा झाला तिचा. "वहिनी, आपण दोघी अशा, तर बाकीचे?"

शुभदाच्या लक्षात आलं. मार्गशीर्षात गाळणी व्हायची तेव्हा नेम सुटलेले असत. यंदा पहिल्यांदाच ती चातुर्मासात आली होती.

पण विचारायचं कसं? विचारायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागणार. तीन महिने जिवापाड सांभाळलेला नेम चारचौघांत उघडा करायचा, म्हणजे त्याचं पुण्य ओंजळीतून सांडून द्यायचं. शुभदा देवघराकडे वळली. घटाखालच्या मातीत गव्हाचे पोपटी कोंब आले होते. तिनं हात जोडले. "सांडू दे," ती म्हणाली. "तुझंच होतं."

आणि तिनं काठावर संदेश टाकला. *मी शुभदा. यंदा मी 'शिंपण' सोडलंय. बोलू नये, पण बोलते. अजून कुणी सोडलंय का?*

मग रत्नागिरीहून एक उत्तर आलं: *मीपण.* पाठोपाठ इंदूरहून: *मीसुद्धा. दरवर्षी हेच सोडते.* मग पावसाच्या सरीसारखी उत्तरं आली. मी, आम्ही नवरा-बायको दोघं, मी आणि माझी आई. शेवटी ईशानचं: *शुभदाकाकू, मीही. मला वाटलं, आपण एकट्यानं सोडलं तर काय होतंय.*

शुभदा वाचत होती आणि पुसत होती, एकदा पडदा आणि एकदा डोळे. दया नव्हती ती. इतकी वर्षं दया नव्हती.

तेवढ्यात रेहानाताईंचा फोनच आला. "अहो शुभदाताई, कमाल आहे तुम्हा लोकांची! माझा उपासाचा महिना वेगळा, मी रोज ऐकतेय. रोज सकाळी, चहाच्या आधी. मला वाटलं, सगळे विसरले, मी एकटी वेडी उरले. तळाला होतं पण बुडत नव्हतं ना? ते माझ्या एकटीच्या काट्यावर तरंगत होतं!"

"रेहानाताई," शुभदा म्हणाली. "काय देऊ तुम्हाला?"

"मला काही नको. फक्त यापुढं सोडायचं तर आपसांत वाटून सोडा."

ईशाननं सगळ्यांना पडद्यावर बोलावलं. अडचण त्यानं सरळ सांगितली. यंत्राच्या लेखी ऐकून शहारा न येणं आणि ऐकलंच नसणं, दोन्ही सारखंच शून्य. कंपनीला कळवलं, तर उत्तर आलं की नियम दसऱ्यापर्यंत बदलता येणार नाहीत.

"मग ऐकू या सगळे," कुणीतरी म्हणालं. "गाण्यासाठी नेम मोडला तर बाई रागावणार नाहीत."

शुभदाला वाटलं, तीस-चाळीस माणसांचे नेम एका प्याल्यापायी मोडायचे? हेमंतलासुद्धा ते आवडलं नसतं.

"थांबा," रेवती म्हणाली. "सोडलंय ते कानांनी. आठवायचं नाही असं कुणी म्हटलंय? उपासाला पुरणपोळी आठवली म्हणून उपास मोडतो होय?"

"बाई तर गुणगुणायच्यासुद्धा नाहीत," शुभदा म्हणाली.

"ओठांनी. मनातलं कोण बघायला गेलंय? दुसरं काही गाताना दोन ओळींच्या मधे त्यांच्या डोळ्यांत दिसायचं की सोडलेलं गाणं."

सगळे हसले, पण ईशान एकदम ताठ बसला. "रेवतीआत्या, पुन्हा बोला!"

आणि मग त्यानं जे सांगितलं, ते असं. आपण मनातल्या मनात गाणं म्हणतो तेव्हा मेंदूची तीच जागा जागी होते जी ऐकताना होते. गाणं जिवाजवळचं असेल तर नुसत्या आठवणीनंही काटा येतो. एवढंच नाही, तर मनात म्हणताना गळ्याचे आणि जिभेचे स्नायू केसाएवढे हलतात, आणि कानातला मणी जबड्याच्या हाडातून ते ओळखतो. चाल आठवतेय पण गाण्याचं नाव आठवत नाही, अशा वेळी शोधायला ती सोय ठेवलेलीच होती. "आणि नियमात काय लिहिलंय माहितीय?" ईशानचा आवाज चढला. "'गाण्यामुळे आलेला शहारा.' वाजलेल्या गाण्यामुळे, असं कुठंही नाही!"

दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी होती, तोच दिवस ठरला. त्या दिवशी घरोघर हत्यारांची, अवजारांची पूजा होते. सुतार पटाशी मांडतो, शिंपी कात्री. शुभदानं माळ्यावरून हेमंतचे प्याले काढले, धुतले आणि पाटावर मांडले. प्रत्येकाला हळदीकुंकू लावलं. निषादाचा प्याला रेवतीनं मुद्दाम मधोमध ठेवला.

"हा तर ओळीत नको होता," शुभदा म्हणाली.

"नको होता म्हणूनच."

ठरल्या वेळी, सकाळची उन्हं ओसरीवर आली असताना, गावोगावचे लोक मणी घालून डोळे मिटून बसले. कुठेही काही वाजत नव्हतं. शुभदानंही डोळे मिटले आणि तीन महिन्यांनी प्रथमच आपणहून त्या गाण्याच्या दारात गेली. तंबोरा, मग बाईंचा पहिला षड्ज, झाडूनं स्वच्छ केलेल्या अंगणासारखा. पहिला अंतरा. मधे प्याल्यांची थरथर, हेमंतचे ते भेदरलेले, सावध हात. मग दुसरा अंतरा आला, आणि तिला कळायच्या आत दंडावरून मानेपर्यंत काटा सरसरत गेला.

टिण्.

डोळे उघडले तेव्हा रेवती शेजारी आपलेच दंड चोळत होती.

थोड्या वेळानं ईशान पडद्यावर आला. त्यानं नुसता आलेख दाखवला. सगळ्यांच्या शहाऱ्यांची एकत्र केलेली रेघ सुरुवातीपासून हळूहळू चढत होती, आणि दुसऱ्या अंतऱ्यात एका ठिकाणी देवळाच्या कळसासारखी उभी राहिली होती. सगळ्यांची, एकाच जागी.

"हे कुठं आहे कळलं ना काकू? निषादावर. बीजात हेच पुसलं जाणार होतं." त्यानं पुढची यादी उघडली. "'शिंपण' पहिलं आलंय. दुसऱ्या नंबरचं गाणं त्याच्या आसपासही नाही. कंपनीच्या यंत्रानं नोंद घेतलीय, मूळ मुद्रण राहणार."

शुभदानं सुस्कारा सोडला, कितीतरी दिवस छातीत अडकून बसलेला. मग ती उठली आणि प्याल्यांपुढे साखर ठेवली.

"चुकला म्हणून वाचला गं माझा दादा," रेवती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. पण स्वभाव तो स्वभाव. "नाहीतर बाकी वाजवलंय त्यात जपण्यासारखं काय होतं?"

"वन्सं!"

कार्तिकी एकादशीला दोघी पहाटे उठल्या. अंघोळी झाल्या, तुळशीपुढे दिवा लागला, देवाला नैवेद्य झाला. काठावर सगळे जमले होते. यंदा पहिलं गाणं रेहानाताईंच्या हातानं लावायचं, असं ठरलं होतं. त्यांनी ते लावलं. शुभदानं अंगणात पाणी शिंपलं आणि हात तसेच ओले ठेवून पायरीवर येऊन बसली. रेवती तिला टेकून बसली.

दुसरा अंतरा जवळ आला तशी रेवतीनं तिचा ओला हात घट्ट धरला.

"आला बघ," ती म्हणाली.